सातशेवीस यार्डांची तयारी

माणूस आयुष्यातले मोठे निर्णय चटकन उरकतो, कारण लहान निर्णयांना त्याला पुरेसा वेळ द्यायचा असतो. या सिद्धान्ताला कोलोरॅडोतल्या ड्राय फोर्क गावात (लोकसंख्या नऊशे, पैकी बंदूकधारी आठशे चाळीस, उरलेल्या साठांना अजून दात यायचे आहेत) भक्कम पुरावा मिळतो. तिथल्या ड्वेन टिप्टनने ग्लेंडाशी लग्न करायचं हे तीन नाचांत ठरवलं. घर एका दुपारी, पाऊस यायच्या आत पाहून घेतलं. रस्त्यावरचा बर्फ लोटायची सरकारी नोकरी तर त्याने फोनवरच पत्करली. पण एल्क मारायला कोणतं काडतूस घ्यावं आणि त्यात कोणती गोळी असावी, हा विषय त्याने असा वरवर हाताळला नाही. त्याला त्याने चौदा महिने दिले.

विषय तसाच गंभीर होता. त्या खोऱ्यातला नर एल्क (आपल्या सांबराचा थोरला चुलता म्हणा) मारायचा परवाना सोडतीने मिळतो. दरवर्षी अर्ज करायचा, दरवर्षी नकार यायचा, आणि प्रत्येक नकाराबरोबर एक गुण जमा व्हायचा. (इतर सरकारं नुसताच नकार देतात.) ड्वेनने असे एकोणीस गुण कमावले होते. एकोणीस वर्षांनंतर त्याला मिळाला होता एक परवाना, एका एल्कसाठी, ऑक्टोबरातल्या पाच दिवसांचा. तो वापरला की गुण पुन्हा शून्यावर.

दुसरी गोष्ट म्हणजे ड्वेनचे वडील. एमेट टिप्टन यांना चौऱ्याऐंशी वर्षं झाली होती आणि फुप्फुसं त्याहून थकली होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की या ऑक्टोबरात हवं तर डोंगरावर जाऊन या. पुढच्या ऑक्टोबरात ओसरीच्या पायऱ्यांहून वर चढायचं नाही. एमेटने ते शांतपणे ऐकून घेतलं आणि मुलाला म्हणाला, "मला एकदा तिथल्या तिथे ताज्या एल्कची कलेजी खाऊ घाल. डोंगरावर, लोखंडी तव्यात, कांद्यावर परतलेली. मग तो डॉक्टर म्हणेल तसं वागतो." तवा आणि दोन कांदे त्याने ऑगस्टमध्येच पिशवीत भरून दाराशी ठेवले. (सप्टेंबरात कांद्यांना मोड आले, ते बदलले.)

आता एमेटने स्वतः, सोडत सुरू व्हायच्या आधीच्या काळात, एक्केचाळीस एल्क मारले होते, पण ते अशास्त्रीय पद्धतीने. त्याच्याकडे थर्टी-ऑट-सिक्स ही बापाच्या वेळची रायफल होती. गोळी निवडण्याची त्याची कार्यपद्धती अशी : घोड्यांचा दाणा विकणाऱ्या दुकानात जायचं आणि विचारायचं, "थर्टी-ऑट-सिक्स आहे का?" दुकानदार म्हणायचा, "आहे." एमेट म्हणायचा, "दे." कार्यपद्धती समाप्त. एल्क लांब दिसला तर काय करायचं, या प्रश्नावरही त्याचं उत्तर ठरलेलं होतं : "चालत जायचं. देवाने पाय कशाला दिलेत?"

ड्राय फोर्क रायफल क्लबाने या पद्धतीचा दोनदा निषेध नोंदवला होता. क्लबाची सभा दर मंगळवारी सकाळी पेट्रोल पंपाजवळच्या कॉफीच्या दुकानात भरते. अध्यक्ष हार्लन बीज्ली, निवृत्त जमीन मोजणी अधिकारी. क्लबाचं मूलतत्त्व असं, की एल्क हा लांबूनच मारायचा प्राणी आहे. जवळून मारणं म्हणजे ओळखीचा गैरफायदा घेणं. आपल्याकडे उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला नावं ठेवतात. तिथे त्याला आधी विचारतात, उंटाची उंची किती आणि वारा कुठल्या बाजूचा.

क्लबाच्या दप्तरातली आकडेवारी बोलकी आहे. गेल्या दहा वर्षांत सभासदांनी मारलेले एल्क एकतीस. मारताना यंत्राने मोजलेलं सरासरी अंतर एकशे अठरा यार्ड. तेच अंतर त्या वर्षीच्या नाताळात तीनशे नव्वद. पुढच्या उन्हाळ्यात सहाशे चाळीस. (गोळीचा वेग अंतराबरोबर कमी होत जातो, मेलेल्या एल्कचं अंतर काळाबरोबर वाढत जातं. भौतिकशास्त्राने याची दखल अजून घेतलेली नाही.)

ड्वेनपुढे तीन स्थळं आली. पहिलं साडेसहा मिलिमीटर : शांत, सालस, वाऱ्याने फारसं न बहकणारं. पण त्याचा धक्का खांद्याला लागत नाही, आणि ज्याने आपल्याला काही होत नाही त्याने एल्कला काय होणार, असा ज्येष्ठ सभासदांचा रोकडा सवाल होता. दुसरं सात मिलिमीटर मॅग्नम : घराणं नवं, आकडे उत्तम, पण मिळायला दुर्मीळ, त्यामुळे आदरणीय. तिसरं तीनशे मॅग्नम : याचा धक्का असा, की वीस बार काढल्यावर ड्वेन चाप ओढायच्या आधीच डोळे मिटून घ्यायला लागला. हार्लनच्या मते त्यात वावगं काही नव्हतं. "आकडे बरोबर असले, की बघायचंय काय?"

काडतुसाच्या आत गोळीचा प्रश्न निराळाच. तांब्याची की शिशाची, वरचं कवच जाड की पातळ, वजन किती ग्रेन. त्यातही क्लब एका मुद्द्यावर उभा दुभंगला होता. गोळीने एल्कच्या पोटात थांबून सगळा जोर तिथेच खर्च करावा, असं मुक्कामवादी म्हणत. तिने आरपार जाऊन दोन भोकं पाडावीत, असं आरपारवादी म्हणत. ईस्टरच्या सामुदायिक न्याहारीला या दोन पंथांची टेबलं वेगळी लागत, आणि एका मुक्कामवाद्याची मुलगी आरपारवाद्याच्या मुलाशी बोलताना दिसली, तेव्हा पाद्रीबाबांना मध्ये पडावं लागलं. एल्कचं मत कोणी विचारलं नाही, पण त्याला दोन्हीचा सारखाच अनुभव असल्यामुळे तो निःपक्षपाती राहिला असता.

ड्वेनने घाई केली नाही. शेजारपाजाऱ्यांकडून त्याने दुधाचे एकशे बारा रिकामे प्लॅस्टिकचे डबे आणले, पाण्याने भरले, परसात रांगेने मांडले आणि त्यांवर गोळ्या झाडल्या. मिळालेले तुकडे तो ग्लेंडाच्या पिठाच्या काट्यावर तोलायचा.

"माझ्या काट्यावर शिसं?" ग्लेंडा म्हणाली.

"धुतो ना."

"माझ्याशी लग्न करताना तू तीन नाच बघितलेस फक्त. या गोळीशी काय सात जन्मांचं आहे का?"

"तुझ्या वेळी आकडे उपलब्ध नव्हते गं," ड्वेन म्हणाला. हे तो खरोखर दिलगिरीने म्हणाला. ग्लेंडा त्यानंतर दोन दिवस बोलली नाही, आणि त्या शांततेत त्याचे आणखी सोळा डबे झाले.

अखेर सप्टेंबरच्या शेवटच्या मंगळवारी निर्णय झाला. तो सभेत वाचून दाखवला गेला तेव्हा एका पंथाने टाळ्या वाजवल्या आणि दुसऱ्याने कॉफी अर्धी टाकली. निर्णय नेमका काय होता, ते योग्य जागी सांगू.

मोहिमेचे पहिले चार दिवस योजनेबरहुकूम गेले. ड्वेन खोऱ्याच्या वरच्या कड्यावर पालथा पडून समोरच्या उतारावर नजर ठेवून होता. उतार बरोबर सातशेवीस यार्डांवर, आणि रायफलीवरच्या दुर्बिणीची नेम जुळवायची चकती त्याच अंतराला फिरवून ठेवलेली. एमेट नारिंगी जाकीट घालून घडीच्या स्टुलावर शेजारी बसलेला, पायाशी तव्याची पिशवी. त्याच्या हातात बंदूक नव्हती, कारण परवाना ड्वेनचा होता आणि दुसऱ्याच्या परवान्यावर चाप ओढणं तिथे गुन्हा आहे.

"खाली झऱ्यापाशी बसू या रे," एमेट रोज म्हणायचा. "अकरा मारलेत मी तिथे. पाणी प्यायला येतात."

"बाबा, तिथे झाडी केवढी. साठ यार्डांपलीकडचं दिसत नाही."

"साठाच्या अलीकडचं दिसतं ना?"

"पण तिथे गोळीला वावच नाही हो. ती सातशेसाठी घेतलीय."

"मग तिला इथे बसव," एमेट म्हणाला, "आपण दोघं खाली जाऊ."

समोरच्या उतारावर चार दिवसांत एकंदर पुढील जनावरं आली : गायी नऊ, कोल्हा एक, आणि हार्लन बीज्ली, जो दुसऱ्या कड्याचं अंतर मोजत होता.

पाचव्या, म्हणजे परवान्याच्या शेवटच्या दिवशी पहाटे एमेटला कड्यापर्यंत चढवेना. शंभर पावलांवर तो थांबला, वाकला, आणि बराच वेळ त्याच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत राहिला. ड्वेन घाबरला. त्याने वडिलांना धरून खाली झऱ्यापाशी आणलं, झाडाला टेकवून बसवलं. तिथूनही फांद्यांच्या एका फटीतून समोरचा उतार दिसत होता, योगायोगाने पुन्हा सातशेवीस यार्डांवरच. ड्वेनने अंतर पुन्हा मोजलं, वारा मोजला, हवेचा दाब मोजला, आणि फटीकडे रोख धरून बसला. उजाडलं.

"ड्वेन," एमेट अगदी हळू म्हणाला. "डावीकडे."

डावीकडे पाण्यात पाय घालून नर एल्क उभा होता. शिंगांना सहा-सहा फाटे, नाकातून वाफ निघत होती. अंतर चाळीस पावलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, त्यातला कळसा पाणी प्यायला आला होता.

ड्वेनने रायफल वळवली आणि दुर्बिणीला डोळा लावला. दुर्बीण पंचवीसपट मोठं दाखवणारी. तिच्यात एल्क नव्हता, फक्त केस होते. तपकिरी, दाट, एकेक सुटा केस, आणि त्यांत एक गोचीड, पोट भरलेली. हा एल्कचा खांदा की ढुंगण, हे सांगणारा एकही आकडा ड्वेनपाशी नव्हता.

"मार," एमेट कुजबुजला.

"बाबा, मी सातशेवीसवर आहे."

"तो चाळीसवर आहे."

"मला परत यावं लागेल."

"मग लवकर ये बाबा!"

ड्वेनने चकतीला हात घातला. सातशेवीसवरून परत यायला साठ खटके लागतात, आणि प्रत्येक खटका नीट ऐकू येतो. (जाहिरातीत याचा खास उल्लेख होता.) टिक. टिक. टिक. एल्कने मान वर केली. टिक. टिक.

"घड्याळाला किल्ली देतोयस काय?" एमेटच्या कपाळाची शीर उडत होती. "नळी बघ, नळी! नळी त्याच्याकडे कर नि ओढ!"

पण चौदा महिन्यांचा अभ्यास असा एका क्षणात सोडता येत नाही. एल्कने अकरा खटके ऐकून घेतले. बाराव्याला त्याने निर्णय घेतला (डबे न मांडता) आणि झाडीत गेला. नंतर थोडा वेळ फांद्या मोडल्याचा आवाज येत होता. मग फक्त झऱ्याचा.

ड्वेनला वाटलं, म्हातारा आता शिव्या घालेल. घातल्या असत्या तर बरं झालं असतं.  एमेटने झऱ्याकडे, मग वरच्या कड्याकडे, सगळ्या डोंगराकडे एकदा सावकाश पाहून घेतलं, जसं माणूस घर सोडताना खोल्या पाहतो. पिशवीचं तोंड उघडं होतं, ते त्याने बांधलं.

"चल," तो म्हणाला. "थंडी वाजतेय मला."

ड्वेनने त्याला हात दिला. हात इतका हलका लागला, की ड्वेनला तिथेच रडू आलं. इथे कंसात लिहिण्यासारखं काही नाही.

मंगळवारी क्लबाने चौकशी केली. सभेने एकमताने ठराव केला, की सातशेवीस यार्डांसाठी घडवलेली गोळी चाळीस यार्डांवर अवास्तव वेगाने पोचली असती आणि तिच्या चिंधड्या झाल्या असत्या, त्यामुळे ती न झाडण्यात सभासदाने उच्च कोटीचा संयम दाखवला. दोष एल्कचा, तो किमान अंतराच्या आत आला. यापुढे जवळच्या एल्कसाठी स्वतंत्र काडतूस निवडण्याकरता समिती नेमावी. अनुभव पाहता अध्यक्षपदी ड्वेन टिप्टन यांना घ्यावं. समितीला अहवालासाठी एकोणीस वर्षांची मुदत मिळाली, कारण ड्वेनचा पुढचा परवाना तेव्हा येईल. त्या वर्षी एमेट एकशे तीन वर्षांचा होईल, असं कोणीतरी म्हणालं. वय हा गोळीशास्त्राचा विषय नसल्यामुळे त्यावर चर्चा झाली नाही. ड्वेन खाली मान घालून बसला होता, पण समितीचा कागद पुढे आला तेव्हा त्याने सही केली. सात की तीनशे, हा वाद सभा संपल्यावर पेट्रोल पंपाशी पुन्हा पेटला. ड्वेन थोडा वेळ नुसता ऐकत होता. मग तोही बोलायला लागला.

आता वाचकांविषयी. काडतूस कोणतं ठरलं, आणि गोळी मुक्कामाची की आरपारची, हे योग्य जागी सांगायचं कबूल केलं होतं. ते राहून गेलं, आणि ते तुमच्या ध्यानात आहे, याची खात्री आहे. हातात कधी छर्र्याची बंदूक धरली नसेल, तरी एव्हाना तुम्ही मनात एक बाजू धरली असेल आणि दुसऱ्या बाजूची थोडी कीवही केली असेल. क्लबाच्या सभासदत्वाला एवढी पात्रता पुरते. अर्ज हार्लनकडे मिळतात. अट एकच आहे : वाचता वाचता, पिशवीतल्या त्या दोन कांद्यांचं पुढे काय झालं, असं ज्याला विचारावंसं वाटलं असेल, त्याने अर्ज करू नये. या अटीवर आजवर एकही अर्ज बाद झालेला नाही.