भालेराव काकांचा संसार

आमच्या विश्रांतवाडीच्या सोसायटीत नवा भाडेकरू आला की बाकीचे लोक त्याची गाडी कुठे लागणार याची चौकशी करतात. आमच्या शेजारच्या फ्लॅटमधले भालेराव काका मात्र टेम्पोतून गाद्या उतरत असतानाच विचारायचे, "तुमच्याकडे 'संसार' म्हणजे काय हो?"

नवीन लग्न झालेली जोडपी हा प्रश्न फार मनाला लावून घ्यायची. एका आयटीवाल्याने तर सेक्रेटरीकडे तक्रारच केली होती, की वरचे काका टोमणे मारतात.

काकांची सगळी नोकरी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात गेली. तिथे देशभरातली माणसं. डबा खाताना एक तमिळ सहकारी म्हणाला, "माझा संसार माहेरी गेलाय," आणि काकांना हे वेड लागलं. तमिळमध्ये संसार म्हणजे बायको! हिंदीवाल्यांकडे अख्खं जग. "आपण दोन खोल्यांत भागवतो, यांना जग लागतं," काका म्हणायचे. बंगाल्यांचा संसार आपल्यासारखाच, घरदार, मुलंबाळं, "फक्त मासे जास्त." केरळच्या एका फिटरने मात्र सांगितलं, आमच्याकडे संसार म्हणजे बोलणं. ते काकांनी कधीच मान्य केलं नाही. शालिनी काकूंना नेमका तोच अर्थ आवडला होता.

"अगं, मूळ धातू सृ. सरणं, सरकणं. त्यात बोलणं बसतं कुठे?" काका चिडायचे. हे धातू-बितू त्यांना विहारातल्या रविवारच्या पाली वर्गात कळलेले. पालीत संसार म्हणजे जन्मामागून जन्म भटकत राहणं, असं ते समजावून सांगत. काकू लसूण सोलता सोलता म्हणत, "मग पालीचंच बरोबर. कोथिंबीर आणायला धाडलं की तुम्ही दोन तास भटकता."

"तू ऐकत नाहीस."

"ऐकतेय ना. तुम्ही बोला." एवढं म्हणून काकू कुकर लावायला उठायच्या. आमची मधली भिंत पातळ आहे, त्यामुळे हे सगळं मला रोज संध्याकाळी फुकटात मिळायचं.

गेल्या हिवाळ्यात काकू गेल्या. त्यानंतर टेम्पो आले नि गेले, काका काही खाली उतरले नाहीत. परवा हैदराबादहून त्यांच्या मुलाचा मला फोन आला. "ताई, बाबांना समजवा ना. इथे सगळं आहे. काय अडलंय तेही सांगत नाहीत." खरं सांगते, मला काकांचाच राग आला. मुलगा गुणी, सून गुणी, आणि हे इथे एकटे वरणभात उकडत बसणार!

चार गोष्टी सुनावायचं ठरवून संध्याकाळी गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. आत काका बोलत होते.

"कोथिंबीर महाग झालीय. खाली केरळची नर्स आलीय राहायला. आज जिन्यात भेटली, न राहवून विचारलंच. तीही म्हणाली, बोलणं. म्हणजे फिटर खरं सांगत होता. तुझं बरोबर निघालं."

फोनवर असतील म्हणून मी थांबले. पण फोन दाराशीच चार्जिंगला लावलेला होता. काका खाली बसून लसूण सोलत होते.

मला बघून ते आधी ओशाळले, मग नेहमीच्या कोरड्या आवाजात म्हणाले, "वेड लागलेलं नाही मला. मी बौद्ध माणूस, ताई. आत्मा मानत नाही. ती ऐकत नाही हे पक्कं ठाऊक आहे." लसणाची पाकळी त्यांनी ताटलीत टाकली. "जिवंत असताना तरी कुठे ऐकायची?"

मला हसू आलं आणि रडूही आलं. "आणि हैदराबाद?" मी विचारलं.

"तिथे घरभर माणसं आहेत. असं बोलताना दिसलो तर मुलगा डॉक्टरकडे नेईल. चांगला आहे तो, नक्की नेईल."

सुनावायच्या चार गोष्टींतली एकही मला आठवेना. मी समोर बसले, एक गड्डी उचलली आणि सोलायला लागले. थोड्या वेळाने काका नर्सच्या सामानाबद्दल सांगू लागले, माझ्याकडे न बघता. मग मध्येच थांबले.

"ऐकतेय ना," मी म्हटलं. "तुम्ही बोला."