जाजमाखालची फटफटी

एकोणीसशे अडतीस सालच्या वैशाखात तीर्थपुरीला मला पाहायला एक फटफटी आली. तिच्यावर नवरामुलगा आणि त्याचे वडीलही बसून आले होते, पण ते आमच्या लोकांना बऱ्याच वेळानं दिसले! अर्धं गाव अंगणात गोळा झालं, तेही फटफटीसाठी.

अठरावं सरलं होतं माझं. त्या काळात या वयाची बिनलग्नाची मुलगी म्हणजे चुलीवर ठेवून विसरलेला भात. वडील नव्हते. घरातले कर्ते आमचे चुलते, काकासाहेब. हे चौथं स्थळ. मुलगा बद्रीनाथ, बदनापूरचा, जालन्याला एका जिनिंगमध्ये कारकून. त्याचे वडील रामराव उतरल्या उतरल्या म्हणाले, "गाडी आमचीच हाय. पोराला पायी चालायची सवयच न्हाई!"

बद्रीनाथ खाली पाहू लागला.

मी शिऱ्याची ताटली घेऊन दारात आले, तोच वारा सुटला.

"गाडी पडंल हो," बद्रीनाथ घाबरून म्हणाला.

काकासाहेब फेटा सावरत उठले. "वाऱ्याचं मला सांगू नका, पाव्हणं! चाळीस वर्सं खळ्यावर उफणणी करून राह्यलो. वारं मला विचारून सुटतं!"

त्यांनी मूठभर भूस हवेत उडवलं. ते उगवतीला गेलं. "वारं मावळतीचं! गाडी कडब्याच्या गंजीआड घ्या!" चौघांनी फटफटी ढकलत गंजीपलीकडे नेली. ती तिथं पोचली आणि वारा फिरला. पुन्हा भूस, पुन्हा ढकलाढकली. अशा तीन फेऱ्या झाल्या. शेवटचं भूस रामरावांच्या डोळ्यात गेलं.

"बांधा तिला!" काका गरजले.

ढवळ्या बैलाला खुंट्यावरून सोडलं आणि त्याच्या दाव्यानं फटफटी बांधली. गळ्यातच, बरं का! दिव्याखाली तिचा गळा, असं सर्वांनी मिळून ठरवलं.

आई आतून म्हणाली, "आता पेंड टाका तिच्यापुढं!"

"इंजनात धूळ जाईल," रामराव डोळा चोळत ओरडले. काकांनी लगेच बैठकीचं जाजम ओढलं. त्यावर भावकीतले दोन म्हातारे बसलेत, हे ते कोलमडल्यावर कळलं.

तोवर फटफटी निमूट उभी होती. जाजम घातलं, त्यात वारा भरला आणि ती अंगात आल्यासारखी हलायला लागली. "धरा! धरा!" हात कमी पडले.

"चतुरे, बघती काय? धर इकडून!"

"काका, शिरा..."

"शिरा गेला खड्ड्यात! जल्दी ये!"

मी ताटली ठेवली, जाजमाखाली शिरले आणि हँडल धरलं. पलीकडून बद्रीनाथनं धरलं होतं. आत काळोख, पेट्रोलचा वास. बाहेर काका वाऱ्याला हुकूम सोडत होते.

"तुमाला वाचता येतं का?" त्यानं हळूच विचारलं.

"येतं. वडलांनी शिकवलं. पण घरात पुस्तक न्हाई."

"जालन्याला मिळत्यात. मी आणून देत जाईन." मग थोडं थांबून म्हणाला, "ही गाडी आमची न्हाई. आमच्या जिनिंगच्या जेठमल शेठची मागून आणली. ओरखडा आला तर नोकरी गेली माझी."

"मला गाडी काय करायची? पुस्तकाचं नक्की का?"

"बिलकुल!"

आधीच्या तीन स्थळांनी मला उभं करून, चालवून, केस मोजून पाहिलं होतं. मला काय हवं, ते कुणी विचारलं नव्हतं. तेवढ्यात फटफटी कलंडली. ती सावरताना त्याचा हात माझ्या हातावर पडला आणि तिथंच राहिला. खरं सांगते, मीही माझा काढला नाही.

आणि जाजम उडालं!

उडालं ते थेट मोकळ्या ढवळ्याच्या तोंडावर. तो आंधळा होऊन वेशीकडे पळत सुटला. गावानं त्याच्यामागं धावायला हवं होतं. गाव आमच्या हातांकडे बघत उभं राहिलं.

"ही असली पोरगी?" रामराव म्हणाले. "सुपारी फुटायच्या आधीच हात धरून राह्यली?"

'मीच बोलावलं तिला' असं काकांनी म्हणायला हवं होतं. ते म्हणाले, "चतुरे, आत हो."

बद्रीनाथ म्हणाला, "बाबा, ती तर गाडीच धरून..."

"चालू कर गाडी!"

त्यानं दावं सोडलं आणि गाडी चालू केली. तिच्यावर एक ओरखडासुद्धा आला नव्हता.

ढवळ्या दुसऱ्या दिवशी सापडला, जाजम सापडलं नाही. रामरावांनी आष्टीची सून केली. काकासाहेब मरेपर्यंत पारावर आणि घरात सांगत राहिले, "एवढ्या वाऱ्यातून फटफटी वाचवली ती म्या!" आई ते ऐकून उठून जायची, पण दिरापुढं शेवटपर्यंत काही बोलली नाही. बद्रीनाथ मला एकदाच दिसले, अठ्ठेचाळीस साली जालन्याच्या बाजारात. हातात सायकल होती.

"वाचन चालू हाय ना?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हणाले. खोटं बोलले.

माझं लग्न त्या वैशाखानंतर पुढच्याच महिन्यात एका बिजवराशी उरकलं होतं. घर भक्कम, दारात बैलगाडी. कसलाही वारा सुटो, त्या घरातलं काही म्हणजे काही हलत नसे. मीसुद्धा.