उकंडमामांचं भांडण

उकंडमामा टाको खाण्याआधी तो तपासतात. हातात घेऊन फिरवतात, खालून बघतात, टिचकी मारून कानाला लावतात. जन्मभर गुरांच्या बाजारात दलाली केलेला माणूस. बैल पारखायची सवय माझ्या गाड्यावर घेऊन आला.

माझा गाडा वाशीमच्या बस स्टँडजवळ. पुण्याच्या हॉटेलात शिकले तेच इथे विकते. टाको म्हणजे मक्याची दुमडलेली कडक पोळी. तिच्यात फलाफल, म्हणजे हरभऱ्याचे तळलेले गोळे, आणि वरून दह्या-लसणाची चटणी. मेक्सिको आणि लेबनॉनचा हा संसार मी हौसेने लावून दिला खरा, पण लोक लांबूनच बघून पुढे जायचे. गाडा चालला नाही तर पुन्हा पुण्याची नोकरी, आणि आई इथे एकटी. माझी झोप उडाली होती.

अशात एका संध्याकाळी मामा आले, पुढच्या खुर्चीत बसले आणि सुरू झाले.

"याले भाकर म्हनतं का तू, पोरी?"

"भाकर नाही मामा, टाको हाये."

"मंग मोडून कायले देली?"

"मोडली नाही, दुमडली हाये."

"अन् हा हरभरा तं आपलाच. त्याले इंग्रजी नाव काहून?"

"इंग्रजी नाही, अरबी."

"म्हंजे अजूनच दूरचं!"

हे रोजचं झालं. मामांचा आवाज पार ऑटो स्टँडपर्यंत जायचा. ऑटोवाले, कॉलेजची पोरं थांबून ऐकायची. कोणी मामांची बाजू घ्यायचं, कोणी माझी. मग एखादा म्हणायचा, "द्या बरं एक, पाहू तं मामा कायले भांडून राह्यले." हळूहळू गाडा चालू लागला. मला मात्र मामा दिसले की डोकं तापायचं. हा म्हातारा माझा धंदा बुडवणार, असं मी आईला कितीदा तरी म्हटलं.

मागच्या आठवड्यात मामा आलेच नाहीत. मला चैन पडेना, म्हणून मीच पार्सल घेऊन त्यांच्या घरी गेले. मामा बाजेवर पडून होते.

"गुडघा धरला," सून म्हणाली. "पन ताई, बाबा तं रोज घरून जेवूनच निघतात. तुमच्याकडं अजून कायले खातात, कोन जाने."

मी मामांकडे बघितलं.

"बाजारात ज्या बैलापाशी भांडन, तिथंच मानसं गोळा होतात," ते म्हणाले. "तुह्या गाड्यापाशी कोनी उभंच राहेना. मंग म्या केलं सुरू."

माझे डोळे भरून आले. आज मी आईजवळ राहते ती या माणसामुळे. मी ते तसंच बोलून दाखवलं आणि पाया पडले. मामांनी तोंड फिरवलं.

"असं नको करू. घरात सारे असेच, हो बाबा, बरं बाबा. बाजार सुटला तवापासून माह्यासंगं कोनी भांडतच नाही. तूच तेवढी भांडतं."

मी डोळे पुसले, उभी राहिले आणि आवाज चढवला. "मंग उद्या गुमान या. नाहीतर तुमची खुर्ची दुसऱ्याले देऊन टाकीन."

"देऊन तं पाह्य," मामा म्हणाले आणि उठून बसत पायाने बाजेखालची चप्पल शोधू लागले.