एकेचाळिसावं वाक्य

उषाताईंना जर्मन विहिणीला एकच गोष्ट सांगायची होती, आणि ती लेकीच्या तोंडून सांगता येण्यासारखी नव्हती. स्नेहलचे दिवस भरत आले होते. उषाताई आणि त्यांचे यजमान प्रभाकरराव, दोघांचाही व्हिसा नामंजूर झालेला, म्हणजे तिकडे बाळंतपण विहीणबाईच काढणार. आणि स्नेहल लहानपणापासून अशी, की दुखलं-खुपलं तर बोलायचं नाव नाही, नुसती गप्प होते. हे विहिणीला कुणी सांगायचं?

"आई, असलं काही मी ट्रान्सलेट करणार नाही हं," स्नेहलने आधीच बजावलं होतं.

शेजारची प्राजक्ता इंग्रजीचे क्लास घेई. तिने फोनमधून ते वाक्य जर्मनमध्ये काढलं, देवनागरीत लिहून दिलं आणि वर सल्लाही दिला. "काकी, नुसतं रटून लँग्वेज थोडीच येते! घरात मराठी एकदम बंद करून टाका. इशारे करा, वस्तू दाखवा, अपने आप येते."

दोन दिवस सिंधीपुरा मोहल्ल्यातल्या त्या घरात शुकशुकाट होता. तिसऱ्या दिवशी दूध वर येताना प्रभाकररावांना दिसलं. त्यांनी नियमाप्रमाणे बोट दाखवलं, दोन्ही हात हळूहळू वर नेले, डोळे मोठे केले. उषाताईंना वाटलं, व्यायाम करताहेत. लिटरभर दूध ओट्यावर गेलं.

"पुरे हे मुक्यांचं शिक्षण!" म्हणत प्रभाकररावांनी ट्रंक उघडली.

तिच्यातून पिवळी पडलेली चोपडी निघाली. पेपर मिलमध्ये नव्या मशीनबरोबर दोन जर्मन साहेब आले, तेव्हा कामगारांकडून चाळीस वाक्यं घोकून घेतली होती. चोपडीला अजून ग्रीसचा वास येत होता.

"अर्थ काय हो ह्यांचा?"

"अर्थ कोण विचारतं? मी पहिला आलो होतो!" प्रभाकरराव भोंग्याच्या दिवसांत जाऊन पोहोचले. उषाताईही गेल्या. जळगावहून नवी नवरी होऊन त्या ह्या हिंदी मुलखात मिलच्या क्वार्टरमध्ये आल्या, तेव्हा त्यांना हिंदी शिकवली ती नळावरच्या भांडणांनी. आठवड्यात 'पहले मेरा हंडा' असं खणखणीत यायला लागलं होतं. ना पुस्तक, ना मास्तर.

प्रभाकररावांनी शेवटच्या पानावर एकेचाळिसावं वाक्य लिहिलं. उषाताई रोज तुळशीला अकरा प्रदक्षिणा घालत. त्यातच ही वाक्यं स्तोत्राच्या चालीवर बसली. दहा दिवसांत धडाधड येऊ लागली.

"शाबास! आता फक्त शेवटचं म्हण."

उषाताईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. "अहो, मधूनच कसं येईल? पहिल्यापासून म्हणावं लागतं."

"मग म्हण सगळं. दोन मिनिटांचं तर काम."

रविवारी व्हिडिओ कॉल लागला. स्नेहल आणि विहीणबाई टेबलाशी समोरासमोर बसल्या होत्या. उषाताईंनी हात जोडले, डोळे मिटले आणि सुरुवात केली.

"आई, कसली मशीन बंद करायची?" स्नेहल गोंधळली. "धूर? कुठे निघतोय धूर?"

उषाताईंची लय लागली होती.

"बाबा! हात अडकलाय? कुणाचा?"

प्रभाकररावांनी घाईघाईने दोन्ही हात कॅमेऱ्यासमोर धरले. बोटंही हलवून दाखवली. पण तोवर उषाताईंनी सगळ्यांना बाहेर पळायला सांगून डॉक्टर बोलावला होता. विहीणबाई ताडकन उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी दुसरा फोन उचलला.

"आई, डोळे उघड! त्या ॲम्ब्युलन्स बोलावताहेत!"

ह्या ओरडण्याने उषाताई सत्ताविसाव्या वाक्यावर अडखळल्या. त्यांनी एक बोट वर करून सगळ्यांना थांबवलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पुन्हा मशीन थांबली, पुन्हा धूर निघाला, पुन्हा हात अडकला. विहीणबाई कानाला फोन लावून थिजल्या होत्या.

मग एकेचाळिसावं आलं. स्नेहलला दुखलं की ती बोलत नाही; ती गप्प झाली, की तिच्याजवळ बसा.

उषाताईंनी डोळे उघडले. "स्नेहल? बरोबर म्हटलं ना गं मी?"

इतका वेळ ओरडणारी स्नेहल टेबलाकडे बघत राहिली. चकार शब्द नाही.

"आवाज गेला वाटतं," प्रभाकरराव फोन हलवू लागले.

"राहू द्या हो. गेला नाहीये."

तेवढ्यात पलीकडून खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. विहीणबाईंनी फोन ठेवून दिला होता आणि त्या टेबलाला वळसा घालून स्नेहलला खेटून येऊन बसल्या होत्या.