अंतोबाम काकांचा उघडा खांदा

असुवोसो गावचे वडीलधारे क्वाकू अंतोबाम यांच्या डाव्या खांद्यावर नागीण उठली आणि यथावकाश गेली. आग मात्र मागे ठेवून गेली. कापडाची नुसती कड टेकली, तरी निखारा ठेवल्यासारखं व्हायचं.

राजाच्या दरबारात प्रत्येक वडीलधाऱ्यानं बसायचंच; सूट फक्त आजाऱ्याला. म्हणून काका दवाखान्यात गेले. नर्स अदोमाबाईंनी खांदा पाहिला.

"खपल्या पडल्या. तुम्ही बरे झालात, काका."

"अगं, पण आग होते."

"कुठे दिसत नाही ती. आम्हाला फोड मोजायला सांगितलंय, आग नाही."

अशा रीतीने काका सरकारमान्य बरे झाले आणि दरबारात हजर राहणं भाग पडलं. आता असुवोसोचे पुरुष अंगावरचं वस्त्र डाव्या खांद्यावरून घेतात. ते खाली उतरवायचं, ते फक्त राजासमोर, आदर म्हणून. काकांनी घरूनच उतरवलं.

बायको अफिया म्हणाली, "अहो, वाटेत कोण राजा भेटणारे?"

"वारा," काका म्हणाले.

राजेसाहेबांना गावात सगळे नाना म्हणत. नानांनी पाहिलं, हा माणूस फाटकातूनच खांदा उघडा टाकून येतोय. वर हरमाटानचा कोरडा वारा लागला की नखशिखान्त थरथरतोय. नाना गहिवरले. "याला म्हणतात आदर. बाकीचे काय पोती आहेत?"

पुढच्या दरबाराला सगळे वडीलधारे घरूनच उघड्या खांद्यानं आले. मग नानांच्या प्रवक्त्यानं सोन्याच्या मुठीची काठी आपटून जाहीर केलं की खांदा ही किमान अट असून थरथर अपेक्षित आहे. ज्यांना जमत नव्हती, त्यांच्या शिकवणीसाठी काकांची नेमणूक झाली. वडीलधारी मंडळी ओळीनं उभी राहून थरथरू लागली. दोघांना न्यूमोनिया झाला. त्यांची थरथर उत्तम ठरली. जिल्ह्याचे साहेब पाहणीला आले, त्यांना वाटलं हे सगळं आपल्यासाठीच, आणि त्यांनी कचेरीतही तीच पद्धत लावली.

पावसाळ्याच्या तोंडाशी एका सकाळी काकांना जाग आली, तर आग नव्हती. त्यांनी चादर लावून पाहिली, बोट लावून पाहिलं. मग ठेवणीतलं वस्त्र काढलं, खांद्यावरून झोकात घेतलं आणि शिट्टी वाजवत दरबारात गेले.

उघड्या खांद्यांच्या रांगा वळून पाहू लागल्या.

"माज आला," मागून कुणीतरी म्हणालं.

काकांनी हात जोडले. "नाना, तेव्हा दुखत होतं. आता थांबलं."

अदोमाबाईंना बोलावणं गेलं. त्या म्हणाल्या, "छे, हे तर तेव्हाच बरे झाले होते."

प्रवक्त्यानं हिशेब सोपा केला. "म्हणजे तेव्हा सोंग होतं, नाहीतर आज उद्धटपणा आहे. काका, कशाची शिक्षा देऊ? सोंगाला वडीलधाऱ्यांतली जागा जाते. उद्धटपणाला एका मेंढीचा दंड पडतो, आणि खांदा कायमचा उघडा."

काकांनी जागा राखली. वस्त्र उतरवलं आणि सवयीनं थरथरले. नाना प्रसन्न झाले.

घरी अफियाबाई म्हणाल्या, "अहो, आता कुठं दुखतंय?"

"आता दाखवता येईल असं कुठेच नाही," काका म्हणाले.

तुमच्यासमोरही कुणीतरी रोज वाकत असेल. त्याला कुठं दुखतंय, हे एकदा विचारून पाहा. किंवा नकाच विचारू; उद्या तो ताठ उभा राहिला, तर तुम्हाला करमायचं नाही.