युवराज आणि नववी ब

राजांचा इतिहास राष्ट्र घडवतो आणि राजांवरच्या कादंबऱ्या मुलं बिघडवतात, याविषयी अकोल्याच्या जुन्या शहरातल्या एका शाळेचे अध्यक्ष भगवंतराव यांची खात्री पटली, ती एका मंगळवारी. तोवर ग्रंथालयात अशा कादंबऱ्या तेच घेत. (मुखपृष्ठावर घोडा पाहून.)

त्या दिवशी ते चिरंजीव विपुल, म्हणजे उपाध्यक्ष, यांच्यासह नववी ब मध्ये शिरले. रागिणीच्या हातात जाडजूड पुस्तक होतं.

"काय वाचून राहिली, बेटा?"

"राजाची कादंबरी, भाऊ. तो मोठ्या भावाले हटवून गादीवर बसते, अन् पोराले युवराज करते."

"वा. मंग?"

"मंग मले विचारायचं होतं, तुमी अध्यक्ष कसे झाले?"

(आधीचे अध्यक्ष, थोरले बंधू किसनराव, प्रकृतीच्या कारणास्तव निवृत्त झाले होते. प्रकृती बिघडल्याचं त्यांना वर्तमानपत्रातून कळलं.) विपुल मोबाइलमध्ये पाहू लागला. भगवंतरावांचे कान तापले. पण पोरीसमोर रागावणं राजाला शोभत नाही, म्हणून त्यांनी समिती नेमली.

समितीत ते, विपुल आणि देवमन सर. देवमन सर रागिणीचे वडील. आठ वर्षं हंगामी, यंदा कायम होणार होते. समितीनं कचोरी खात अनुक्रमणिका अभ्यासली. कत्तल कोवळ्या मनास पोषक ठरली, विषप्रयोग विज्ञानास पूरक, सात राण्या संस्कृतीस धरून. अयोग्य एकच निघालं: गादी कोणाला आणि कशी मिळाली.

"भाऊ, एकदा वाचून पाहावं का?" देवमन सर हळूच म्हणाले.

"अन् वाचून मत बदललं तर?" भगवंतरावांनी पेन पुढे केलं.

कादंबऱ्या अध्यक्षांच्या कपाटात गेल्या. घरी रागिणीनं विचारलं, "बाबा, तुमी सही कावून केली?"

"जेव," देवमन सर म्हणाले. स्वतः मात्र ताटावरून उठले.

स्नेहसंमेलनात रागिणीला 'आदर्श वाचक' पुरस्कार मिळाला. पुस्तक न चुरगळता परत केल्याबद्दल. विपुलच्या हातून तो तिनं मान खाली घालून घेतला. त्यानंतर तिनं कोणालाच काही विचारलं नाही. भगवंतरावांना भरून आलं. पालकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. तुम्ही तिथं असता, तर तुम्हीही वाजवल्या असत्या. पुढच्या रांगेत खुर्ची मिळाली असती, तर जरा जोरात.