साउनाघरातली रोपं

"हे बघ, रोपांवरनं रोज हात फिरवायचा, खोडं जाड होतात त्यानं," आयलीनं फोनवर पुन्हा बजावलं. "हलकासा. मांजराला कुरवाळतोस तसा."

"मी कधी मांजर कुरवाळलंय?" रेइनो म्हणाला.

"म्हणूनच सांगतेय."

आयली लेकीच्या बाळंतपणाला गेली होती, ती मंगळवारी परतणार होती. तोवर टोमॅटोची रोपं नवऱ्याच्या, रेइनोच्या गळ्यात. साधीसुधी रोपं असती तर त्यानं एवढा घोर लावून घेतला नसता. पण हे आयलीच्या आईचे टोमॅटो. म्हातारीनं फिनलंडहून येताना परकराच्या शिवणीत लपवून आणलेलं बी. अमेरिकेत सुपीरियर सरोवराच्या काठी मे महिन्यातही रात्री बादलीतलं पाणी गोठतं, तिथे हा टोमॅटो पिकायचा. ऑगस्टात चर्चच्या जेवणाला लोकांचा पहिला हात त्याच बशीकडे जायचा. "आईचं नाव राखलंस हो," असं कुणी म्हटलं की आयली मान खाली घालायची. विनय म्हणजे किती, असं रेइनोला वाटायचं.

रोपांचे नखरे नव्या नवरीला लाजवणारे. स्वयंपाकघराच्या उबेत ठेवली की लांबुळकी होऊन माना टाकणार, रात्री बाहेर राहिली की गारठ्यानं जाणार. म्हणून दिवसा अंगणात वारा खायला, संध्याकाळी आत. आत आणली की रेइनो खिडकीचा पडदा ओढून घ्यायचा आणि मग हात फिरवायचा. शेजाऱ्यानं पाहिलं तर गावभर बोभाटा व्हायचा. पण खोडं खरंच पेन्सिलीएवढी जाड झाली, आणि रेइनोची काळजी आणखीच वाढली. मरतुकडी असती तर मेल्याचं दुःख तरी कमी झालं असतं.

त्यात त्याचे गुडघे. रोपांच्या डब्यांचा ट्रे घेऊन पायऱ्या चढताना एकदा तोल गेला आणि ट्रे पडता पडता वाचला. तेव्हा त्याच्या डोक्यात आलं, अंगणातलं साउनाघर, वाफेनं घाम काढायची ती खोली, आठवडाभर बंदच तर असतं. लाकडी भिंती, खिडकी, ना ऊब ना गारठा, आणि रोज आतबाहेर करायची कटकट नको. त्या संध्याकाळी त्यानं ट्रे तिथल्या बाकांवर मांडले आणि स्वतःच्या अकलेवर खूश होऊन झोपला.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. शनिवार ओळखायचा तो आयलीच्या वेलदोड्याच्या पावाच्या वासावरून. पाव नाही, वास नाही, त्यामुळे रेइनोला शनिवारचा पत्ताच नव्हता. आयलीचा भाऊ आर्वो मात्र शनिवार कसा विसरेल? दर शनिवारी तो येई, कुणाला न विचारता साउनाघराची शेगडी पेटवी आणि उघडाबंब होऊन, बर्चच्या डहाळ्यांची जुडी पाठीवर मारत घाम काढत बसे.

दुपारची डुलकी काढून रेइनो उठला तर साउनाघराच्या धुराड्यातून धूर. तो चपलांवरच धावला.

आत वाफच वाफ. आर्वो लालबुंद होऊन वरच्या बाकावर बसला होता. "या दाजी," तो म्हणाला. "पण बर्चच्या डहाळ्यांऐवजी हे काय ठेवलंय? वास झकास आहे, पण पाठीवर मारलं की तुटतंय."

खालच्या बाकावर उरलेली रोपं शिजवलेल्या पालेभाजीसारखी पसरली होती.

"टोमॅटो आहेत ते," रेइनो कसाबसा म्हणाला. "आईचे."

"कुणाच्या आईचे?"

"तुझ्या."

आर्वोनं हातातली जुडी हळूच खाली ठेवली. "मी इथे आलोच नव्हतो," तो म्हणाला आणि टॉवेल शोधायला लागला.

रेइनोनं गाडी काढली ती थेट लेंपीच्या रोपवाटिकेकडे. लेंपीनं त्याला आपादमस्तक न्याहाळलं.

"आयलीला बरं नाही का?"

"छान आहे की."

"मग तू कसा? बरं, असू दे. नेहमीचीच ना?"

नेहमीची म्हणजे काय, हे विचारायचं भान रेइनोला कुठलं? तो नुसता मान हलवत राहिला. घरी येऊन त्यानं ती रोपं आयलीच्या डब्यांत लावली आणि त्यांच्यावरून इतका हात फिरवला की एक पान गळून पडलं.

मंगळवारचं तिकीट असून आयली रविवारीच दारात उभी. कोटही न काढता ती आधी खिडकीपाशी गेली. एक डबा उचलला, पान चुरगाळून पाहिलं आणि डबा खाली ठेवला.

"रेइनो, ही लेंपीची आहेत."

"क-कशावरून?"

"दरवर्षी मीच तर आणते." ती मटकन खुर्चीवर बसली. "आई गेल्यापासून. आईचं बी पेरते, उगवतं, आणि या दिवसांत माझ्याच हातनं मरतं. मग लेंपीच्या मागच्या दारानं जाते. लोक आईचं नाव काढतात आणि माझ्या घशाखाली घास उतरत नाही."

रेइनोच्या छातीवरची धोंडच उतरली. त्याला हसू फुटलं. "म्हणजे काही बिघडलंच नाही की."

"बिघडलं ना. या वर्षी जगली होती." आयलीचे डोळे भरून आले. "खोडं जाड झाली म्हणून फोनवर सांगायचास, मी लेकीच्या घरी आतल्या खोलीत जाऊन रडायचे. म्हणून तर लवकर आले बघायला."

मग रेइनोनं सगळं सांगितलं. साउनाघर, शेगडी, आर्वोची पाठ.

"जगवलीस कशी पण?" आयलीनं विचारलं.

"कुरवाळली. तूच सांगितलंस."

"मीही कुरवाळतेच की. आणखी काय केलंस?"

रेइनोचे कान लाल झाले. "बोललो थोडं."

"तू? काय बोललास?"

"काही नाही. म्हटलं, घाबरू नका. ती मंगळवारी येतेय."

आयलीनं कोट काढला, कॉफीचं भांडं शेगडीवर चढवलं आणि पाठमोरीच म्हणाली, "आईच्या डबीत बी आहे अजून. पुढच्या वर्षी तूच लावायचंस."

"पुष्कळ आहे ना?"

"शेवटचं आहे."

पुढच्या मे महिन्याला अजून वर्ष होतं, पण रेइनोनं लगेच उठून साउनाघराला कुलूप घातलं.